डक्टमधली घरघर आणि घरातल्यांची झोप: आवाजाने आवाज विझवणारा स्वस्त उपाय घरी चालतो का?

"डॉक्टर, पंखा लावला की आईला झोप लागत नाही. बंद ठेवला की पहाटे खोकल्याने उठून बसते. आम्ही करायचं काय?"

ठाण्याहून आलेल्या एका मुलाचा हा प्रश्न. आजी सत्तरीच्या, दम्याच्या जुन्या रुग्ण. माझ्याकडे, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे, त्या आल्या होत्या "कानात रात्रभर घूं होतं" म्हणून. तपासणीत निघालं वेगळंच. घराचं नूतनीकरण झालं होतं, फॉल्स सीलिंग केलं होतं आणि त्यातून सहा इंची डक्ट टाकून बाथरूममधली दमट हवा इमारतीच्या शाफ्टमध्ये सोडणारा पंखा बसवला होता. हा डक्ट नेमका आजींच्या पलंगावरून गेला होता. कानात होणारा घूं हा कानातला नव्हताच, तो छतातला होता. रात्री पंखा बंद ठेवायला लागल्यापासून आवाज गेला, पण पावसाळ्यात बाथरूमच्या भिंतीवर काळी बुरशी आली आणि दमा बळावला.

मुलगा इंजिनिअर. त्याने पुढचा प्रश्न विचारला तो असा: "आवाज रद्द करणारे हेडफोन मिळतात, तसं काही डक्टमध्ये बसवता येईल का? दोन-तीन हजारांत होतं असं इंटरनेटवर दाखवतात." हा प्रश्न गेल्या काही वर्षांत मला बऱ्याच जणांनी विचारला आहे. परदेशातल्या नातेवाइकांकडूनही तो येतो, कारण थंड देशांतल्या नव्या घरांमध्ये खिडक्या घट्ट बंद असतात आणि सगळी हवा डक्टमधूनच खेळते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घरातल्या डक्टच्या आवाजाने कान खराब होतात का?

नाही. ऐकू येणं कमी होण्याचा धोका साधारण ८५ डेसिबलच्या आवाजात रोज आठ तास, वर्षानुवर्षं राहिलं तर असतो. एक्झॉस्ट पंखा किंवा डक्ट याच्या जवळपासही जात नाही. स्वयंपाकघरातली चिमणी पूर्ण वेगाने लावली तरी ती साठ-पासष्टच्या घरात असते.

प्रश्न आहे झोपेचा. झोपण्याच्या खोलीत सतत येणारा आवाज ३० डेसिबलच्या वर नसावा, असं जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये सांगितलं. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, पण ती घराबाहेरची, तुमच्या उशाजवळची नव्हे. आवाजामुळे झोप उथळ होते, मधूनमधून तुटते, आणि सकाळी माणूस उठतो तो शिणलेला. रक्तदाब आणि हृदयविकाराशी आवाजाचा संबंध दाखवणारे अभ्यास मुख्यतः रस्ते आणि विमानांच्या आवाजावर झालेले आहेत. ते निष्कर्ष बाथरूमच्या पंख्याला लावून घाबरून जाऊ नका.

मात्र एका गोष्टीकडे घरचे हमखास दुर्लक्ष करतात. मोबाइलवरचं ॲप ३५ डेसिबल दाखवतं आणि मुलगा आईला म्हणतो, "काही नाही गं, तुला उगाच वाटतं." हे मोजमाप बहुधा 'ए' मापनात असतं आणि त्यात खालच्या सुरातला आवाज मुद्दाम कमी धरला जातो. १०० हर्ट्झच्या घरघरीतून सुमारे १९ डेसिबल वजा होतात. शिवाय फोनचा मायक्रोफोन बोलण्यासाठी बनवलेला असतो, इतक्या खालच्या सुरांसाठी नव्हे. त्यात म्हातारपणी ऐकू येणं कमी होतं ते आधी वरच्या सुरांतलं. चिमण्यांची चिवचिव आणि कुकरच्या शिट्टीची धार बोथट होते, पण घरघर पूर्वीइतकीच ऐकू येते आणि तिला झाकणारे बाकीचे आवाज नाहीसे झाल्यामुळे ती जास्तच जाणवते. आजींचा ऑडिओग्राम अगदी असाच होता. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने घूं ऐकू येतो म्हटलं तर आधी विश्वास ठेवा.

खरा तोटा पंखा बंद केल्याने होतो

आवाजाच्या त्रासापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती त्यावर लोक काढतात त्या उपायाची. बटण बंद! नेदरलँड्समध्ये आमर्सफोर्ट शहरालगत वाथोर्स्ट नावाची नवी वसाहत आहे. तिथल्या यांत्रिक वायुवीजन असलेल्या घरांतल्या रहिवाशांनी प्रकृतीच्या तक्रारी केल्या. चौकशीत हवा पुरेशी खेळत नसल्याचं आणि यंत्रणेच्या आवाजाचा त्रास असल्याचं पुढे आलं. आवाज नको म्हणून यंत्रणा कमी वेगावर ठेवली की पुरेशी हवा येत नाही, हे सांगायला तज्ज्ञ नको.

आपल्याकडे हेच स्वयंपाकघरात घडतं. फोडणी देताना चिमणी लावायची नाही, कारण टीव्ही ऐकू येत नाही. मग तळणाचा धूर आणि गॅसच्या ज्वाळेतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड घरात राहतो. उच्च तापमानावर तळताना निघणाऱ्या धुराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 'बहुधा कर्करोगकारक' गटात ठेवलं आहे. रोज पुरी तळली म्हणून कर्करोग होतो असा याचा अर्थ नाही. पण दमा, सीओपीडी किंवा वारंवार सर्दी-खोकला असलेलं माणूस घरात असेल तर धूर आणि दमटपणा बाहेर जायलाच हवा. बाथरूमचा पंखा अंघोळीनंतर वीसेक मिनिटं तरी चालावा. कोकणपट्टीत जुलैमध्ये बाहेरची हवाही ओलीच असते, तेव्हा त्याने भिंती खडखडीत वाळणार नाहीत हे खरं, पण वाफ तरी निघून जाते.

म्हणून पंखा चालू ठेवून आवाज कमी करायचा, एवढं ठरवून पुढे जाऊ.

डक्टमधून कोणकोणते आवाज येतात?

उपाय निवडण्याआधी आवाज ओळखावा लागतो. पहिला असतो एकसुरी घूं. पंख्याची पाती हवेला ठोके देतात, त्याचा हा सूर. हिशेब सोपा आहे: पंखा मिनिटाला १,३५० फेरे घेत असेल आणि पाती पाच असतील, तर सेकंदाला साधारण ११२ ठोके पडतात, म्हणजे ११२ हर्ट्झचा सूर. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे मोटरची स्वतःची गुणगुण १०० हर्ट्झच्या आसपास असते. हे दोन सूर जवळजवळ आले की आवाज कमीजास्त होत लाटांसारखा येतो, आणि तो सर्वांत वैताग आणतो.

दुसरा असतो हवेचा सूं सूं आवाज. वाकणं, अरुंद तोंड, जाळी अशा ठिकाणी हवा घासली की तो होतो. त्याला ठरावीक सूर नसतो.

तिसरा डक्टमधून येतच नाही. पंखा थेट फॉल्स सीलिंगच्या सांगाड्याला स्क्रूने आवळलेला असतो आणि त्याची थरथर सगळ्या छताला मिळते. तबल्याची शाई तेवढी वाजत नाही, अख्खं पान वाजतं, तसं. पंखा चालू असताना छताला किंवा भिंतीला तळहात लावून बघा. थरथर हाताला कळली, तर डक्टमध्ये काहीही बसवून उपयोग नाही. आजींच्या घरी ही थरथर पलंगाच्या डोक्याकडच्या भिंतीपर्यंत पोचली होती.

आवाजाने आवाज कसा विझतो?

आवाज म्हणजे हवेच्या दाबातली चढउतार. एका आवाजाचा दाब जिथे वाढतो तिथे दुसऱ्याचा नेमका तेवढाच कमी झाला, तर दोन्ही मिळून शांतता. जर्मनीच्या पाउल लुएग यांनी ही कल्पना मांडून १९३३ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३६ मध्ये त्यांना अमेरिकेचं पेटंट मिळालं. गंमत म्हणजे हेडफोन नंतर आले. त्यांच्या पेटंटातल्या आकृतीत दाखवला होता तो डक्टच: वर एक मायक्रोफोन, पुढे एक लाऊडस्पीकर. मायक्रोफोन येणारा आवाज टिपतो आणि तो स्पीकरपर्यंत पोचेतो स्पीकर उलटा आवाज सोडतो. यालाच अ‍ॅक्टिव्ह नॉइज कंट्रोल म्हणतात. त्या काळी हे जुळवणारी साधनं नव्हती. संगणक लहान आणि वेगवान झाल्यावर ते जमू लागलं.

यासाठी डक्टच सोयीचा का? खोलीत आवाज सगळीकडून येतो, भिंतींवर आपटतो. एका कोपऱ्यात विझवला तर दुसऱ्या कोपऱ्यात वाढतो. डक्टमध्ये मात्र खालच्या सुराला जायला एकच वाट असते. सहा इंची डक्टमध्ये सुमारे १,३०० हर्ट्झच्या खालचा आवाज सरळ एका रांगेत पुढे सरकतो, म्हणून एक मायक्रोफोन आणि एक स्पीकर पुरतो. शिवाय खालचे सूर नेमके तेच, जे साध्या उपायांना दाद देत नाहीत. १०० हर्ट्झच्या आवाजाची लाट साडेतीन मीटर लांब असते. इंचभर जाडीच्या फोमला ती जुमानत नाही. वरचा सूं सूं मात्र तोच फोम छान गिळतो. म्हणजे दोन्ही उपाय एकमेकांचे पूरक आहेत.

मोठ्या इमारतींच्या वातानुकूलन यंत्रणांत हे तंत्र वापरलं गेलं आहे. खिडकीवरही प्रयोग झाले. सिंगापूरच्या नानयांग तंत्रज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये उघड्या खिडकीच्या गजांवर २४ छोटे स्पीकर बसवले आणि बाहेरून येणारा आवाज १० डेसिबलपर्यंत कमी करून दाखवला. १० डेसिबल कमी म्हणजे कानाला साधारण निम्मा. हवा येऊ द्यायची पण आवाज नको, ही आपल्यासारख्या उष्ण हवेच्या ठिकाणची अडचण त्यांच्यासमोर होती. पण त्यासाठी २४ स्पीकर लागले, हेही लक्षात ठेवा.

मग दोन-तीन हजारांचं किट?

सुटे भाग खरंच स्वस्त आहेत. दोन छोटे मायक्रोफोन, एक चार इंची स्पीकर, एक अ‍ॅम्प्लिफायर आणि बोटभर लांबीचा एक मायक्रोकंट्रोलर. गणिताची पद्धतही गुपित नाही, अभियांत्रिकीची मुलं ती प्रकल्पात करतात. अडतं ते दुसरीकडे.

सगळ्यात मोठी अडचण वेळेची. आवाज एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद घेतो. मायक्रोफोन आणि स्पीकर यांच्यात एक मीटर डक्ट असेल तर ऐकणं, हिशेब करणं आणि उलटा आवाज सोडणं हे सगळं ३ मिलिसेकंदांत उरकायला हवं. ब्लूटूथ स्पीकरला आवाज काढायलाच १०० ते २०० मिलिसेकंद लागतात. त्याला ३५ ते ७० मीटर लांबीचा डक्ट लागेल! 'घरचा जुना ब्लूटूथ स्पीकर वापरा' असं कोणी सांगत असेल तर तो व्हिडिओ तिथेच बंद करा. एकसुरी घूंसाठी थोडी सवलत मिळते, कारण तो सूर परत परत तसाच येतो आणि यंत्र पुढच्या लाटेवर नेम धरू शकतं. सूं सूं आवाजाला ही सवलत नाही.

दुसरी अडचण अचूकपणाची. उलटा आवाज लाटेच्या एक षष्ठांश भागाने मागेपुढे झाला तर फायदा शून्य. त्याहून जास्त चुकला तर आवाज वाढतो. विजेचा दाब संध्याकाळी उतरला की पंख्याचा वेग बदलतो, डक्टमधली हवा तापली की आवाजाचा वेग बदलतो, म्हणून यंत्राला सतत स्वतःला जुळवत राहावं लागतं.

शिवाय डक्टमधला वारा थेट मायक्रोफोनवर आदळतो आणि यंत्राला तोच आवाज वाटतो. त्यासाठी मायक्रोफोनवर स्पंजची टोपी चढवावी लागते. स्पीकरचा आवाज उलटा मायक्रोफोनकडे गेला तर सभागृहात माईक किंचाळतो तसं यंत्र किंचाळतं.

हे सगळं सांगूनही आजींच्या चिरंजीवांनी महिनाभर खपून एक संच बनवला. मला कौतुक वाटलं. घूं कमी झाला, आजींनीही कबूल केलं. सूं सूं होता तसाच राहिला, छताची थरथर तर जागची हलली नाही. आणि एका रात्री तीन वाजता स्पीकरने किंकाळी फोडली. आजींनी स्टुलावर चढून वायर उपटली. दम्याच्या सत्तरीतल्या बाईने रात्री तीन वाजता स्टुलावर चढावं, हे मला त्या किंकाळीपेक्षा गंभीर वाटलं.

माझं मत विचाराल तर असं: बाथरूमच्या किंवा एसीच्या सरळ, लांब, कोरड्या डक्टमध्ये एकच ठळक घूं उरला असेल, आणि घरात हे करायला आवड व वेळ असलेलं माणूस असेल, तर प्रयोग करायला हरकत नाही. जमलं तर त्या सुरापुरता १० ते १५ डेसिबलचा फरक पडू शकतो. स्पीकर बंद डब्यात, डक्टच्या बाहेरून तोंड जोडलेला हवा, म्हणजे हवेची वाट अडत नाही. आवाज ठरावीक पातळीवर गेला की यंत्र आपोआप बंद होईल अशी सोय हवी, आणि त्याचं बटण हाताला येईल असं खाली हवं. पण हा शेवटचा उपाय आहे. त्याच्या आधीचे उपाय स्वस्त आहेत आणि बहुतेक घरांत तेवढ्यावर भागतं.

आधी काय करावं?

वेग कमी करा, पण हवा कमी करू नका. हे ऐकायला उलटसुलट वाटतं. पंख्याचा वेग निम्मा केला तर आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो, हवा मात्र निम्मीच कमी होते. म्हणजे छोटा पंखा जोरात पळवण्यापेक्षा मोठा पंखा सावकाश फिरवला तर तेवढीच हवा कितीतरी शांतपणे जाते. पंखा बदलायचाच असेल तर 'जास्त ताकदीचा' न मागता 'मोठा आणि कमी फेऱ्यांचा' मागा.

मग डक्टचा मार्ग बघा. पंख्याला सहा इंची तोंड असतं आणि भिंतीला भोक मात्र चार इंची, कारण मिस्त्रीकडे तेवढंच कटर होतं. सहावरून चारवर आलं की वाट निम्म्याहून अरुंद होते आणि तेवढीच हवा सव्वादोन पट वेगाने धावते. सूं सूं तिथेच जन्मतो. आजींच्या घरी नेमकं हेच निघालं. भोक मोठं करायला एक दुपार लागली. घड्यांचा अ‍ॅल्युमिनिअमचा पाइप लोंबकळता, चुरगळलेला ठेवला असेल तर तो ताणून सरळ करा. वाकणं जितकी कमी तितकं बरं. बाहेरच्या जाळीवर साठलेली धूळ आणि कबुतरांच्या काड्या काढा, पण नाकातोंडाला मास्क लावून आणि पाणी शिंपडून. दम्याच्या रुग्णाने हे काम स्वतः करू नये. कबुतरांच्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना वाईट.

थरथरीसाठी पंखा सांगाड्यापासून सुटा करा. स्क्रूखाली रबरी वॉशर आणि पंखा व डक्ट यांच्यामध्ये वीतभर कॅनव्हासची किंवा रबरी जोडणी. खर्च काही शे रुपये. आजींच्या खोलीत सर्वांत जास्त फरक पडला तो याने.

उरलेल्या सूं सूं आवाजासाठी आतून छिद्रांचं अस्तर आणि त्याबाहेर काचलोकर असलेला तयार ध्वनिशोषक पाइप मिळतो. त्याचा मीटर-दीड मीटरचा तुकडा पंखा आणि खोलीच्या तोंडामध्ये घालता येतो. काचलोकर किंवा उघडा फोम हवेच्या वाटेत थेट चिकटवू नका. एकाचे तंतू उडतात, दुसऱ्यात ओल धरून बुरशी येते, म्हणजे ज्या कारणासाठी पंखा बसवला तेच घरात.

आणि एकसुरी घूंसाठी, स्पीकर-मायक्रोफोनशिवायचा एक जुना उपाय. डक्टला बाजूने एक नळी जोडायची, तिचं दुसरं टोक बंद. नळीची लांबी त्या सुराच्या लाटेच्या एक चतुर्थांश ठेवली, की आत जाऊन परत येणारा आवाज मूळ आवाजाच्या नेमका उलटा पडतो आणि दोन्ही विझतात. तत्त्व तेच, पण वीज लागत नाही आणि रात्री तीनला किंचाळणारं काही नाही. ११२ हर्ट्झसाठी नळी सुमारे ७७ सेंटीमीटरची. प्लंबरकडची चार इंची पीव्हीसी नळी चालते. बंद टोक पुढेमागे सरकवता येईल असं ठेवा आणि कानाने ऐकत जुळवा. नळी एकाच सुरावर चालते आणि जागा चुकली तर परिणाम कमी होतो, त्यामुळे पक्की बसवण्यापूर्वी एक-दोन ठिकाणी लावून पाहा. आजींकडे आता स्पीकरच्या जागी ही नळी आहे.

हे मात्र करू नका

स्वयंपाकघरातल्या चिमणीच्या डक्टमध्ये स्पीकर, मायक्रोफोन, फोम, काचलोकर यांपैकी काहीही घालू नका. तिथे तेलाची वाफ असते, उष्णता असते. तेल शोषलेला फोम म्हणजे पेटायला तयार बोळा. चिमणीचा आवाज वाढला असेल तर बहुधा जाळी तेलाने तुंबलेली असते, ती धुवा.

गॅस गिझर असलेल्या बाथरूममध्ये झरोका, झडप किंवा डक्टचं तोंड आवाज येतो म्हणून बंद करू नका. कापडाचा बोळा, पुठ्ठा, टेप, काहीही नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि चक्कर आल्याचं कळेपर्यंत माणसाला दार उघडता येत नाही. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेतच हवा. तो आत असेल तर आवाजाचा विचार नंतर, आधी तो बाहेर काढा.

आवाज रद्द करणारे हेडफोन लावून रात्रभर झोपणं मी सुचवत नाही. कुशीवर झोपल्यावर कान दुखतो, आत घाम साचतो, आणि शेजारी झोपलेल्या माणसाला धाप लागली तर हाक ऐकू येत नाही. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालतो त्यांना एक सांगायला हवं: त्याचा आवाज होतो म्हणून त्यावर चादर टाकू नका, यंत्र तापतं. पुरवठादाराला विचारून लांब नळी घ्या आणि यंत्र दाराबाहेर, हवा लागेल असं ठेवा.

पंखा बंद केला, तरी आवाज येतोच?

एक साधी चाचणी करा. रात्री घराचा मेन स्विच पाच मिनिटं बंद करा. घरात कोणी ऑक्सिजन किंवा इतर यंत्रावर असेल तर मात्र हे करू नका, एकेक पंखा बंद करून बघा. सगळं बंद करूनही आवाज येत असेल आणि घरातल्या दुसऱ्या कोणालाही तो ऐकू येत नसेल, तर तो कानातला आवाज, म्हणजे टिनिटस असू शकतो. काही जणांना तर डक्टचा आवाज गेल्यावरच टिनिटस जाणवू लागतो, कारण इतके दिवस घरघरीने तो झाकला होता. अशा रुग्णांना पूर्ण शांतता मानवत नाही. छताचा पंखा मंद लावून ठेवला तर झोप चांगली लागते. तसं असेल तर डक्ट शांत करण्यावर आणखी पैसे घालू नका.

टिनिटस बहुतेक वेळा धोकादायक नसतो. पण पुढीलपैकी काही असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा: आवाज एकाच कानात आहे, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडतो, सोबत चक्कर येते, किंवा ऐकू कमी येऊ लागलं आहे. एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येणं कमी झालं तर मळ असेल म्हणून तेल घालत बसू नका. त्यावरची औषधं पहिल्या काही दिवसांत सुरू झाली तर उपयोगाची ठरतात. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखवा.

दम्याच्या किंवा सीओपीडीच्या रुग्णाला रात्री खोकल्याने जाग येत असेल तर आवाजाचं काम चालू असतानाच छातीच्या डॉक्टरांनाही भेटा आणि घरात बुरशी आहे, पंखा बंद ठेवतो, हे त्यांना आवर्जून सांगा. इनहेलर बदलण्यापूर्वी त्यांना ते माहीत असायला हवं. भिंतीचा फोटो मोबाइलवर काढून न्या.